घूंऽऽऽ... हा आवाज कोणाचा?

दोस्तांनो, मोटारीत मागे बसायचं म्हटलं की तुमची तोंडं वाकडी होतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. पुढे बसलं की रस्ता दिसतो, वेगाचा काटा दिसतो, कधीमधी हॉर्नसुद्धा वाजवायला मिळतो. मागे काय? आजीच्या पिशव्या, ताईचं कोपर आणि खिडकीसाठी भांडण! पण आज मी तुम्हाला मागच्या सीटची एक वेगळीच गंमत सांगणार आहे. तुमच्या घरी, मामाकडे किंवा शेजारच्या आजोबांकडे एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी असली, नाहीतर ॲम्बॅसडर असली, तर तिच्यातला एक आवाज शोधून काढायला मागच्या सीटसारखी दुसरी जागा नाही. बाबांचं सगळं लक्ष रस्त्यावर असतं. तुमचे कान मात्र मोकळे. आणि तुम्ही बसलेले असता अगदी त्या आवाजाच्या डोक्यावर!

कसला आवाज? गाडीनं जरा वेग घेतला की सीटच्या खालून सुरू होतो, घूंऽऽऽ. वेग वाढला की सूर चढतो, वेग कमी झाला की उतरतो. कधी तो विहिरीवरच्या पंपासारखा एकसुरी असतो, कधी जात्यासारखा घरघरतो. आजोबा गाडी गॅरेजात नेतात. मेकॅनिक एक चक्कर मारून येतो, हात पुसतो आणि सांगतो, "क्राउन-पिनियन गेलंय. बदलायला लागेल." झालं! आजोबांचा चेहरा पडतो.

का पडतो, तेही सांगतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात आधी फियाट ११०० बनत असे. तिलाच पुढे १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळालं. २००० सालाच्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तर मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. ॲम्बॅसडरचा कारखाना २०१४ साली बंद पडला. म्हणजे या गाड्यांचे सुटे भाग आता कारखान्यातून ताजे येत नाहीत. जुन्या बाजारात हिंडा, कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या गाडीचा भाग मिळवा, आणि तो आपल्या भागापेक्षा बरा असेल अशी आशा धरा! एवढा खटाटोप झेपत नाही म्हणून कित्येकदा धडधाकट गाडी भंगारात जाते. आणि गंमत, म्हणजे वाईट गंमत, अशी की कधीकधी तो आवाज क्राउन-पिनियनचा नसतोच. चाकातल्या एका बेअरिंगचा असतो. नाहीतर चक्क टायरचा!

तेव्हा नियम एकच. आधी ऐकायचं, मग खोलायचं. चला तर, लागू या तपासाला.

पेटीत दडलंय काय?

आरोपी कोण हे शोधायचं तर घराचा नकाशा हवा. पद्मिनीचं इंजिन पुढे, पण रस्त्यावर जोर लावतात मागची चाकं. इंजिनाची शक्ती आधी गिअरबॉक्समध्ये जाते. तिथून गाडीच्या पोटाखालून एक लांब लोखंडी नळी मागे जाते, तिला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. ही नळी जिथे संपते तिथे, दोन मागच्या चाकांच्या बरोबर मध्ये, घागरीसारखी फुगलेली एक लोखंडी पेटी असते. गाडीच्या मागे लांब उभं राहून खाली वाकलात तर ती दिसेल. त्या पेटीत आहे आपलं डिफरन्शियल.

त्याला दोन कामं. पहिलं काम शक्तीला काटकोनात वळवण्याचं. शाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेनं आलेला, चाकं फिरायची ती त्याच्या आडव्या आसावर. म्हणून शाफ्टच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, ते पिनियन. ते एका मोठ्या, मुकुटासारख्या दातेरी चाकाला फिरवतं. तेच क्राउन. समजा, पिनियनला १० दाते आहेत आणि क्राउनला ४३. मग पिनियन ४.३ वेळा फिरलं की क्राउन, म्हणजेच चाक, एकदा फिरणार. वेग कमी, जोर जास्त. सायकलवर चढ चढताना हलका गिअर टाकतात ना, तसंच.

दुसरं काम जास्त हुशारीचं. तुम्ही कधी खळ्यावरची मळणी पाहिली आहे? तिवड्याभोवती बैलांची पात फिरते. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी पाय टाकल्यासारखा चालतो आणि अगदी बाहेरचा बिचारा झपाझप धावतो. शाळेच्या कवायतीत रांग वळते तेव्हाही टोकाच्या मुलाला पळावं लागतं. मोटारीचंही तेच. दोन मागच्या चाकांमध्ये समजा १.२ मीटर अंतर आहे. गाडीनं एक पूर्ण गोल चक्कर मारली तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे साडेसात मीटर जास्त चालतं. चक्कर लहान असो की मोठी, हा फरक तेवढाच! पटत नसेल तर वर्तुळाच्या परिघाचं सूत्र घेऊन वहीत करून बघा. दोन्ही चाकं एकाच कांबीला घट्ट जोडली असती तर प्रत्येक वळणावर एक चाक रस्त्यावर फरफटलं असतं. म्हणून क्राउनच्या पोटात आणखी छोटी दातेरी चाकं बसवलेली असतात. कुणी त्यांना स्टार पिनियन म्हणतं. सरळ रस्त्यावर ती आपल्या खिळीवर स्वस्थ बसतात आणि क्राउनबरोबर नुसती गोल जातात. वळण आलं की स्वतःभोवती फिरू लागतात आणि एका चाकाचा वेग काढून दुसऱ्याला देतात. "सरळ जाताना स्वस्थ" हे शब्द लक्षात ठेवा. पुढे याच पुराव्यावर एक आरोपी पकडायचा आहे.

ही युक्ती मोटारीपेक्षाही जुनी, बरं का! फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीनं १८२७-२८च्या सुमारास वाफेवरच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं. पुढे १८७७ साली इंग्लंडात जेम्स स्टार्ले यानं तीनचाकी सायकलीला असंच डिफरन्शियल बसवलं. घड्याळजी आणि सायकलवाला! मोटार दुरुस्त करणाऱ्यांनी या दोघांना नमस्कार करायला हरकत नाही.

साऽ, पऽ आणि वरचा साऽ

आता आवाज येतो कुठून, ते बघू. क्राउनचा प्रत्येक दाता पिनियनच्या दात्याला भेटतो तेव्हा अगदी बारीक ठोका पडतो. दाते नीट बसलेले असतील तर तो ऐकूही येत नाही. झिजले किंवा जागचे हलले की ऐकू येतो. एका सेकंदात असे ठोके किती? गणित करू या. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगानं जाते आहे, म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. चाकाचा परीघ १.८ मीटर धरू. मग चाक सेकंदाला सहा वेळांहून थोडं जास्त फिरणार. त्याला ४३नं गुणा. उत्तर येतं सुमारे २६५.

तुमच्यापैकी कुणी पेटी शिकत असेल तर त्याचे डोळे आता चमकले असतील. सेकंदाला २६५ कंपनं म्हणजे हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक, जवळजवळ तीच पट्टी! ताशी ४०ला हा साऽ धरला तर ताशी ६०ला कंपनं दीडपट होतात. साच्या दीडपट म्हणजे? पंचम! आणि ताशी ८०ला दुप्पट, म्हणजे वरचा सा. कुरकुरणारं डिफरन्शियल वेगाच्या काट्याबरोबर असं चक्क सुरात गातं. दुसऱ्या गाडीत दात्यांची संख्या आणि चाकाचं माप वेगळं असेल, पट्टी वेगळी लागेल. पण ४० ते ६० म्हणजे सा ते प, हे कुठल्याही गाडीत तसंच राहील.

यातून पहिली मोठी खूण हाती लागते. डिफरन्शियलचा सूर गाडीच्या वेगाशी बांधलेला आहे, इंजिनाच्या वेगाशी नाही. म्हणून बाबांना सांगा, ताशी ४०चा वेग कायम ठेवून एकदा चौथ्या गिअरमध्ये चालवा आणि एकदा तिसऱ्या. तिसऱ्यात इंजिन जास्त फिरेल, त्याचा आवाज चढेल. मागच्या सीटखालचा 'घूंऽऽ' मात्र त्याच पट्टीत राहिला, तर तो इंजिनाचा नव्हे. पट्टी बदलली, तर मागे शोधत बसण्यात अर्थ नाही. तपास पुढे न्या.

गिअरबॉक्सचंही असंच नाव कमी करता येतं. पद्मिनीत चौथा गिअर थेट असतो, म्हणजे त्यात शक्ती आतल्या छोट्या दातेरी चाकांवरून न जाता सरळ मागे जाते. तिसऱ्यात गुरगुर आणि चौथ्यात शांतता? संशय गिअरबॉक्सवर. सगळ्या गिअरमध्ये सारखंच? मग गिअरबॉक्सच्या मागचं काहीतरी.

आता टायर. बिचाऱ्या डिफरन्शियलवर टायरमुळे जितके खोटे आळ येतात तितके दुसऱ्या कशानं येत नसतील. वेडेवाकडे झिजलेले टायर हुबेहूब बेअरिंगसारखे घुमतात. ओळखायचं कसं? रस्ता बदलू द्या. गुळगुळीत डांबरावरून गाडी सिमेंटच्या रस्त्यावर गेली की टायरचा आवाज लगेच बदलतो. पेटीतल्या दात्यांना रस्ता कसला आहे याची खबरच नसते! शिवाय बाबांनी ॲक्सिलरेटर दाबला काय आणि सोडला काय, टायरचा सूर तोच राहतो. तरीही शंका राहिली तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून बघावेत. आवाज पुढे पळाला तर चोर सापडला. एकही भाग विकत न घेता!

घाटाची परीक्षा

आता मुख्य आरोपीची उलटतपासणी. दात्याला दोन बाजू असतात. इंजिन गाडीला ओढत असतं तेव्हा दात्याची एक बाजू काम करते. ॲक्सिलरेटर सोडला की उलटं होतं. गाडी आपल्या वेगानं इंजिनाला फिरवू लागते आणि दात्याची दुसरी बाजू दाबली जाते. म्हणजे एकाच दात्याच्या दोन गालांची वेगवेगळी तपासणी करता येते. आणि त्यासाठी आपल्याकडे घाटासारखी प्रयोगशाळा कुठली?

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं खोपोलीहून खंडाळ्याकडे चढा. इंजिन सारखं ओढतंय. आवाज या वेळी मोठा झाला तर बहुधा क्राउन आणि पिनियनचे दाते झिजलेत किंवा ते एकमेकांत नीट बसलेले नाहीत. येताना तोच घाट तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरा. चढताना गप्प बसलेली गाडी उतरताना रडू लागली तर संशय जातो पिनियनच्या बेअरिंगवर. बेअरिंग सैल झालं, किंवा पिनियनचा नट ढिला झाला, की पिनियन मागेपुढे सरकतं आणि दाते भलत्याच जागी भेटतात. (घाटात गाडी न्यूट्रलमध्ये टाकून आवाज ऐकायचा आगाऊपणा मात्र कुणीही करायचा नाही. उतारावर इंजिनाचा आधार सोडला की सगळा भार ब्रेकवर येतो.)

आणि चढतानाही तेच, उतरतानाही तेच, सपाटीवरही तेच असेल तर? दात्यांना सोडा, बेअरिंगकडे वळा. दाते गातात, बेअरिंग घरघरतं. हा फरक एकदा कानात बसला की विसरत नाही. त्यातही दोन प्रकार. पिनियनची बेअरिंगं शाफ्टच्या वेगानं फिरतात, ताशी ४०ला सेकंदाला सव्वीस-सत्तावीस वेळा. क्राउनच्या दोन्ही बाजूंची आणि चाकांजवळची बेअरिंगं चाकाच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला सहाच वेळा. म्हणून पिनियनवाल्यांची घरघर चढी असते आणि चाकवाल्यांची जाडी, जमिनीतून आल्यासारखी.

चाकाचं बेअरिंग वळणावर स्वतःच कबुली देतं. गाडी डावीकडे वळली की तिचा भार उजव्या चाकांवर पडतो. डाव्या वळणावर आवाज वाढतो आणि उजव्या वळणावर कमी होतो? मग उजव्या बाजूचं बेअरिंग तपासा. मागे दोघं भावंडं बसली असाल तर एक डाव्या दाराशी आणि एक उजव्या दाराशी बसून ऐका. भांडण न करता हं! कुणाच्या बाजूनं आवाज मोठा, ते कागदावर लिहा आणि मगच एकमेकांना दाखवा. आधी बोललात तर दुसऱ्यालाही तेच ऐकू येऊ लागतं.

आता आठवा ती "सरळ जाताना स्वस्थ" बसणारी छोटी चाकं. सरळ रस्त्यावर चकार शब्द नाही आणि अगदी हळू, अरुंद वळणावर, गाडी आवारात वळवताना, पेटीतून करकर येते? मग ती चाकं, त्यांची खिळी किंवा त्यांच्यामागच्या चकत्या झिजलेल्या असणार. क्राउन-पिनियनला हात लावायचं कारण नाही!

आणखी एक आवाज असतो. खट्! क्लच सोडताना एकदा, रिव्हर्स टाकताना एकदा. याला मेकॅनिक मंडळी "प्ले आलाय" म्हणतात. दोन भागांत फट वाढली की जोर लागताना आधी ती फट मिटते आणि मग ठोका बसतो. पण इथेही घाई नको. शाफ्टच्या टोकाला जे सांधे असतात, युनिव्हर्सल जॉइंट, त्यांचे क्रॉस झिजले तरी अगदी असाच ठोका येतो. आणि क्रॉस बदलणं हे डिफरन्शियल खोलण्यापेक्षा कितीतरी सोपं काम. मेकॅनिकनं गाडीखाली जाऊन शाफ्ट हातानं डावी-उजवीकडे हलवला की दोन मिनिटांत कळतं, सांधा हलतोय की पेटीच्या आत काही हलतंय.

खडूचा प्रयोग

चालत्या गाडीत हळूहळू टक्... टक्... टक् असा आवाज येत असेल तर तुमच्या हातात एक भारी प्रयोग आहे. सपाट मोकळी जागा बघा. मोठं माणूस स्टिअरिंगवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, ब्रेकवर पाय तयार. मागच्या चाकाच्या टायरवर खडूनं एक ठळक रेघ मारा. आता दोघं-तिघं मिळून गाडी मागून हळूच ढकला आणि एकानं बाजूला, चाकापासून लांब उभं राहून मोजायचं. चाकाच्या एका फेरीत टक् एकदाच झालं, तर क्राउनचा एखादा दाता तुटला असेल. किंवा... थांबा! आधी टायरच्या खाचेत खडा अडकलाय का, ते बघा. एका फेरीत चार-सव्वाचार वेळा झालं, तर दुखणं पिनियनचं किंवा शाफ्टचं. का ते आता तुम्हीच सांगा. मघाशी १० आणि ४३ दाते मोजले होते ना?

एक गोष्ट दटावून सांगतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. गॅरेजात खाली भक्कम घोड्या लावल्याशिवाय जाणता मेकॅनिकही आत जात नाही. आणि मागचं एकच चाक उचलून, इंजिन सुरू करून, गिअर टाकून "बघू या कुठून वाजतंय" असं तर मोठ्यांनीही करू नये. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटून देतं. वरचं चाक गरगर फिरत असलं तरी जमिनीवरचं चाक गाडीला पुढे ढकलू शकतं आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

तेल बोलतं

ऐकून झालं, आता बघणं. पेटी न खोलता आतली बातमी आणतं ते तिच्यातलं तेल. पेटीला एक बूच असतं, तिथून तेलाची पातळी बघता येते. साधारणपणे तेल त्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवं. कमी असेल तर ते गेलं कुठे ते शोधायचं. पुढे पिनियनजवळच्या ऑइल सीलमधून गळलं का? की चाकांकडून बाहेर येतंय? मागच्या ब्रेकवर तेल गेलं तर ते ब्रेकच कुचकामी होतात. तेल संपलेली पेटी नुसती ओरडत नाही, तापते. बेअरिंग जाम झालं तर चालत्या गाडीची मागची चाकं एकाएकी अडकू शकतात. आवाज रोज थोडा वाढत असेल तर "जुनी गाडी, वाजायचीच" म्हणून पुण्याला निघणं शहाणपणाचं नाही, ते म्हणूनच.

तेल काढून पांढऱ्या थाळीत घ्यावं आणि उन्हात धरावं. पेटीच्या बुचावर लोहचुंबक असेल तर त्याला चिकटलेला करडा, मऊ चिखल बघून घाबरू नका. वर्षानुवर्षांच्या फिरण्यातून तेवढा भुसा पडतोच. टोचणारे चकचकीत तुकडे निघाले तर मात्र दाता किंवा बेअरिंग फुटलंय. आणि सोनेरी चमक दिसली, जी चुंबकाला चिकटत नाही? ती पितळेसारख्या धातूच्या चकत्यांची. म्हणजे वळणावर करकरणारी ती छोटी चाकं! तेल दुधी दिसलं तर आत पाणी शिरलंय, पावसाळ्यात पाण्यातून गाडी नेल्याचा प्रताप.

तेल भरायचं तेही ठरलेलंच. १९२६ साली अमेरिकेतल्या पॅकार्ड मोटारींत एक नवी रचना आली. पिनियन क्राउनच्या बरोबर मध्यावर न बसवता थोडं खाली बसवायचं. त्यामुळे शाफ्ट खाली गेला, गाडीचा तळ खाली आणता आला, आणि चालही शांत झाली. पुढे ही रचना जगभर पसरली. पण तिच्यात दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासत सरकतात. त्या घासण्याला टिकेल असं खास तेल लागतं. कंपनीच्या पुस्तकात जे लिहिलं असेल तेच घाला. इंजिनाचं उरलेलं तेल ओतून "काम चाललं" म्हणणारे लोक दाते खाऊन टाकतात.

तेलावरून आठवलं. तुमच्यापैकी काहींनी रोआल्ड डालचं १९८८ सालचं 'मटिल्डा' वाचलं असेल. त्यातले मटिल्डाचे बाबा जुन्या गाड्या विकतात आणि गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा घालून खडखडाट बंद करतात. गिऱ्हाईक गाडी घेऊन थोडं लांब जाईपर्यंत सगळं गोड! ही लबाडी डालनं हवेतून काढलेली नाही, जुन्या गाड्यांच्या बाजारात ती ऐकिवात आहे. डिफरन्शियललाही अशीच भुशाची गोळी देणारे असतात. तेव्हा घरी कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं आणि ती संशय येण्याइतकी गप्प असली, तर बूच उघडून बोटाला तेल लावून बघायचा हट्ट धरा.

निळ्या रंगाचा निकाल

एवढं सगळं करूनही बोट क्राउन-पिनियनकडेच वळलं, तर मग पेटी उघडायची. हे काम घरच्या अंगणातलं नव्हे, अनुभवी हाताचं. पण बघायला मिळालं तर सोडू नका. मेकॅनिक क्राउनच्या काही दात्यांना पातळ निळा रंग लावतो आणि चाक फिरवतो. पिनियनचा दाता जिथे घासतो तिथला रंग पुसला जातो आणि दात्यावर एक लांबट ठिपका उमटतो. ठिपका दात्याच्या मध्याच्या आसपास आला तर जोडी बरोबर बसलीय. टोकाकडे किंवा मुळाकडे सरकलेला असेल तर पिनियन किंवा क्राउन जागचं हललंय. मग त्यांच्यामागे शिम घालायच्या किंवा काढायच्या. शिम म्हणजे पोलादाच्या पातळ चकत्या, काही तर वहीच्या पानाहूनही पातळ! दोन दात्यांमधली फटही डायल गेजवर मोजतात. ती असते मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकी. जास्त झाली तर खट् वाजतं, कमी झाली तर दाते तापून घासतात.

आणि इथेच आजोबांनी मेकॅनिकला एक प्रश्न विचारायचा, "जोडी पूर्ण आहे ना?" क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, पुष्कळदा त्यांच्यावर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. एका गाडीचं क्राउन आणि दुसऱ्या गाडीचं पिनियन आणून बसवलं तर दाते मोजून सारखे भरतील, पण गाणं थांबणार नाही. उलट वाढेल. जुनी, झिजलेली जोडी उगाच हलवली तरी असंच होतं. इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकांची झीज ओळखून घेतलेली असते. म्हणून माझं मत विचाराल तर, वर्षानुवर्षं एकाच सुरात हळू गाणारं, तेल स्वच्छ असलेलं, न गळणारं डिफरन्शियल खोलू नये. त्याला गाऊ द्यावं आणि दर काही महिन्यांनी तेल बघावं. वाढत जाणारा आवाज, घरघर किंवा ठोका असेल तरच हात घालावा.

बेअरिंग किंवा जोडी बदलून गाडी परत आली की पहिले काहीशे किलोमीटर तिला बेतानं चालवायचं. घाटात भरगच्च सामान घालून पळवायचं नाही. आणि पहिल्याच फेरीला मागच्या सीटवर कागद-पेन्सिल घेऊन तुम्ही बसायचं. ताशी ४०, ६०, ८०. तिन्ही वेगांना चढ, उतार आणि सपाटी अशा नऊ रकान्यांत लिहून ठेवायचं, किती ऐकू आलं. पुढच्या वर्षी कुणी म्हणालं, "आवाज पहिल्यापेक्षा वाढलाय का हो?" तर आजोबा तो कागद काढून दाखवतील.